ऑरिनच्या अकरा चाली

१२ जानेवारी, गुरुवार

लाकूड कापायच्या गिरणीत चौतीस वर्षं काढली. रोज संध्याकाळी किती फूट कापलं ते वहीत लिहायचो. गिरणी सुटली, पण वहीची सवय सुटेना, म्हणून हे. आता आठवड्यात लिहिण्यासारखं एकच असतं, ते म्हणजे गुरुवार.

गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात चौघं जमतो. ऑरिन फिडल वाजवतो. तो ग्लेनाचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. रॉस्को गिटार वाजवतो आणि उरलेले सहा दिवस ट्रकचे टायर बदलतो. ग्लेना, माझी बायको, फ्रिजला पाठ लावून तिच्याहून उंच बास वाजवते. माझा बँजो. एकेचाळीस वर्षं झाली या गोष्टीला. आमचं ऐकायला कुणी येत नाही आणि आम्हीही कुणाला बोलवत नाही. कागदावर लिहिलेलं संगीत आमच्यापैकी एकालाही वाचता येत नाही. ऑरिन चाल सुरू करतो, आम्ही तिच्या मागे लागतो, तीच चाल वीस-पंचवीस वेळा फिरते, आणि त्याने पाय उचलला की थांबायचं.

आज काहीतरी बिनसलं होतं. फिडल कानाला आंबट लागत होतं, बारीक तार तर फारच. मी दोनदा म्हटलं, "ऑरिन, तार बघ रे जरा." त्याने तार बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बघितली." फरक काही पडला नाही. थंडीमुळे असेल.

२६ जानेवारी, गुरुवार

माझा बँजो वडिलांच्या हातचा आहे. त्याच्या दांडीवर सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नाहीत. बोट कुठे ठेवायचं ते कानच सांगतो, त्यामुळे बँजो चुकला असं माझ्या बाबतीत होत नाही. तरी स्टोव्हजवळ बसल्यामुळे पाचवी तार हल्ली हलते. ती आखूड तार अंगठ्याने वाजते, दर ठोक्याला एकदा, म्हणजे ती बिघडली की सगळंच बिघडतं. आज कॉफी आणायला उठलो, परत येऊन बघतो तर तार उतरलेली. पुन्हा चढवली. रॉस्को स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. ऑरिन खिडकीबाहेर.

रॉस्कोने गिटारच्या डोक्यावर एक चिमटा लावलाय. तार बरोबर लागली की त्यात हिरवा दिवा लागतो. मी म्हटलं, "देवाने कान काय चष्मा अडकवायला दिलेत का रे?" एरवी ऑरिन अशा वेळी खो-खो हसतो. आज हसला नाही. ग्लेना म्हणाली, "बीन्स निवतायत. आधी जेवून घ्या."

९ फेब्रुवारी, गुरुवार

मोठी बातमी. मॉर्गनटाउनच्या विद्यापीठातून मिस प्रुएट नावाच्या बाईंचं पत्र आलंय. त्या जुन्या चाली ध्वनिमुद्रित करत खोऱ्याखोऱ्यांतून फिरतात. मेच्या शेवटी त्यांना ऑरिनकडे यायचंय.

त्याचं कारण म्हणजे ऑरिनच्या आजोबांच्या अकरा चाली. एसा म्हाताऱ्याने त्या कुठून आणल्या कुणास ठाऊक, पण या डोंगरात ऑरिनशिवाय त्या कुणाला येत नाहीत. सगळ्या वाकड्या. कुठे एक ठोका जास्त, कुठे अर्धी ओळ गायब. आम्ही साथ करतो, पण वाजवायला सांगितल्या तर आम्हाला जमणार नाहीत. ऑरिन एकोणऐंशी वर्षांचा आहे. त्याची मुलं ओहायोत कारखान्यात आहेत, फिडलला हात लावत नाहीत. तो गेला की चाली गेल्या, हे आम्हाला चौघांनाही माहीत आहे.

ऑरिन म्हणतो, "मला काय त्याचं, येऊ दे त्या बाईला." पण सदरा कुठला घालू हे ग्लेनाला तीनदा विचारून झालं.

मला मात्र काळजी लागली आहे. आजही फिडल आंबटच होतं. एकदा मुद्रित झालं की ते कायमचं राहणार.

२२ मार्च, गुरुवार

चार-पाच गुरुवार लिहिलं नाही. तेच तेच काय लिहायचं?

या वर्षी ओढ्याकाठचे बेडूक ओरडलेच नाहीत. दर मार्चला नुसता कलकलाट असतो. रस्त्याकडेला ते औषध फवारतात त्याने मेले असणार. ग्लेनाला म्हटलं तर ती काहीतरी पुटपुटली. हल्ली तीही तोंडातल्या तोंडात बोलायला लागली आहे. म्हटलं, जरा तोंड उघडून बोल. तर डोळ्यांत पाणी आणून आत गेली. बायकांचं काही कळत नाही.

२१ एप्रिल, शनिवार

अग्निशमन केंद्रात रानलसणीचं जेवण आणि नाच. दर वर्षी आम्हीच वाजवतो. दोनशे माणसं, बटाटे, डुकराचं मांस आणि लसणीचा असा वास की उद्या चर्चमध्ये खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतील.

रॉस्कोने मला मागच्या दाराशी बसवलं. म्हणाला, "इथे वारा आहे, डेंझिल. तुझ्या गुडघ्यांना बरं." मायक्रोफोन एकच, तो ऑरिनपुढे. माझ्यापासून वीस फूट. एकेचाळीस वर्षं मी ऑरिनच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलोय. मला राग आला, पण लोकांसमोर काय बोलणार?

नाचणाऱ्यांना सुराशी देणंघेणं नसतं, त्यांना ठोका हवा, तो मिळाला. पण शेजारच्या खोऱ्यातला एक फिडलवाला माझ्याजवळ दारात उभा होता. दुसऱ्या चालीला त्याने तोंड कसनुसं केलं आणि ताट घेऊन बाहेर गेला. ऑरिनचं वाजवणं ऐकून. माझ्या जिवाभावाच्या माणसाची अशी शोभा झालेली बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याला कुणीतरी सांगायला हवं. ग्लेना बहीण आहे, ती सांगणार नाही. रॉस्को त्याला घाबरतो. म्हणजे उरलो मी.

१० मे, गुरुवार

सांगितलं.

वाजवून झाल्यावर त्याला ट्रकपर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, "ऑरिन, तुला माझ्याशिवाय कुणी सांगणार नाही. तुझा कान गेलाय."

तो थांबला. "माझा?"

"हिवाळ्यापासून. बारीक तारेवर तर ऐकवत नाही. त्या बाई येतील, मुद्रित करतील, मग शंभर वर्षं लोक म्हणतील की हा एसाचा नातू, बेसूर वाजवायचा. मला ते बघवणार नाही."

ऑरिनने फिडलची पेटी या हातातून त्या हातात घेतली. माझ्या तोंडाकडे असा बघत राहिला की मला वाटलं, आता एक ठेवून देतो. मग म्हणाला, "तुला हे सांगायला फार जड गेलं असेल."

"रात्रभर झोप नाही."

"हं," म्हणाला. "मग असेल बाबा. तुझंच बरोबर असेल." पेटी ट्रकमध्ये ठेवली आणि गेला.

मला वाटलं होतं की भांडेल. इतकं सरळ ऐकून घेईल असं वाटलं नव्हतं. दुःख आहे, पण मन हलकं झालं. मित्राचं कर्तव्य केलं.

१७ मे, गुरुवार

ऑरिन आला नाही. आम्ही तिघांनी दोन चाली वाजवल्या आणि रॉस्को टायरचं काम आहे म्हणून निघून गेला. संध्याकाळी सात वाजता कसले टायर? ग्लेनाने बास भिंतीला उलटा करून ठेवला.

३० मे, बुधवार

ऑरिनने मिस प्रुएटना नको म्हणून कळवलं. वय झालं, हात चालत नाही, असं सांगितलं म्हणे. फिडल पलंगाखाली सरकवलंय. ग्लेना दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर म्हणते, "तू त्याला काय बोललास, डेंझिल?" सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि एप्रनच्या टोकाने तोंड झाकून घेतलं.

मी काय चुकीचं केलं? खरं बोललो एवढंच ना? पण अकरा चाली पलंगाखाली गेल्या, हेही खरं. आता त्या कशा बाहेर काढायच्या ते सुचत नाही.

१३ जून, बुधवार

रॉस्को तो दिव्याचा चिमटा आमच्या टेबलावर विसरून गेला होता. घरी कुणी नव्हतं. म्हटलं, बघू तरी हे खेळणं किती खोटं बोलतं. बँजोला लावलं. चार तारा थोड्या इकडेतिकडे. पाचवी वाजवली तर चिमट्यातला काटा पार उजवीकडे, चढ्या बाजूला जाऊन बसला. तार उतरवत गेलो, उतरवत गेलो, हिरवा दिवा लागेपर्यंत मला ती पार रडकी ऐकू यायला लागली. चिमट्याची बॅटरी बदलली. तेच.

मग चर्चमध्ये गेलो. तिथला पियानो काही बॅटरीवर चालत नाही. तोच सूर दाबला. मला वाटलं, हाही बिघडलाय. पाळकांच्या पत्नी फुलं बदलत होत्या. त्यांना विचारलं, "हा पियानो कधी लावून घेतलात?"

"गेल्या सोमवारी. का हो, डेंझिल?"

मी पुन्हा दाबला. शेजारचे दाबले. सगळे वरचे सूर आंबट. अगदी ऑरिनच्या फिडलसारखे.

घरी कसा आलो आठवत नाही. ग्लेना भाजी निवडत होती. तिच्यासमोर उभं राहून विचारलं, "मी आहे का तो?"

तिने मान खाली घातली. "हो."

"कधीपासून माहीत आहे?"

"मागच्या शिकारीच्या मोसमापासून."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

"आणि पाचवी तार? स्टोव्ह?"

"तू कॉफीला उठलास की ऑरिन नीट करायचा. तू परत येऊन बिघडवायचास." ती हे मोठ्याने बोलत होती, तोंड उघडून, जशी मी तिला ताकीद दिली होती. "ऑरिन म्हणाला, गिरणी गेली त्याची, गुडघे गेले, शिकार गेली. बँजो तरी राहू दे त्याच्याकडे."

पुढे लिहवत नाही.

२० जून, बुधवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोरगीच आहे. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या वाजवल्या. म्हणे शिट्ट्या वाजवल्या, मला निम्म्या ऐकूच आल्या नाहीत.

"गिरणीत कानात काही घालत होतात का?"

म्हटलं, "कानात बोळे म्हातारी माणसं घालतात." ती हसली नाही.

यंत्राने आवाज मोठा होईल, सरळ होणार नाही, असं म्हणाली. वरचे सूर आतूनच वाकलेत. त्याला उपाय नाही. मी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं आणि तिने तीनदा तेच उत्तर दिलं, न चिडता. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि रडलो. ग्लेनाने गाडी सुरू केली नाही, नुसती बसून राहिली.

२२ जून, शुक्रवार

ऑरिनकडे गेलो. तो घेवड्याला काठ्या लावत होता. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, तिथे गेल्यावर सगळं विसरलो.

म्हटलं, "तुला माहीत होतं."

"अर्ध्या तालुक्याला माहीत होतं."

"मग मी तुला तसं बोललो तेव्हा चार शिव्या का नाही घातल्यास?"

"घालणार होतो. पण तुझं तोंड बघितलं. इतकं भलं करायला आला होतास लेका, म्हटलं करू दे." आणि काठी जमिनीत ठोकायला लागला. "एका उन्हाळ्यापुरता मी बहिरा झालो तर काय बिघडलं?"

"चाली बिघडल्या! त्या बाईंना बोलव परत."

"एकट्याने नाही जमत त्या."

"रॉस्को आहे, ग्लेना आहे."

"रॉस्को सरळ रस्त्याचा माणूस. वाकड्या ठिकाणी तो खड्ड्यात जातो आणि मलाही नेतो. कुठे ठोका जास्त आहे ते तुझ्या अंगठ्याला ठाऊक आहे, डेंझिल. मी एकेचाळीस वर्षं त्याच्यावर टेकून वाजवलंय. आता काठी धर सरळ, नाहीतर घेवडापण वाकडा येईल."

मी काठी धरली.

२८ जून, गुरुवार

मिस प्रुएट १४ जुलैला यायला तयार आहेत. त्यानंतर त्या दुसऱ्या राज्यात जाणार, परत येणं नाही.

रॉस्कोने पडद्यांचा बँजो आणला, दिव्याच्या चिमट्याने सुरात लावून दिला. म्हणाला, "यात बोट चुकायची सोयच नाही." वाजवला. तिघंही म्हणाले, बरोबर आहे. मला दर ठोक्याला दाताखाली खडा आल्यासारखं होत होतं. हात आपोआप बरोबर करायला जातो आणि चुकतो. दहा मिनिटांत बँजो खाली ठेवला.

मग ग्लेना म्हणाली, "आजी काड्या मारायची. आठवतं, ऑरिन?"

आजोबा फिडल वाजवत असताना आजी समोर बसून त्याच फिडलच्या तारांवर दोन बारीक काड्यांनी ठोका धरायची, गज आणि आजोबांची बोटं यांच्या मधल्या जागेत. त्याला सूर लागत नाही. नुसता ठोका. ग्लेनाने विणायच्या सुयांची एक जोडी आणून माझ्या हातात दिली.

पहिल्यांदा ऑरिनच्या बोटांवरच मारली. "अरे, मला जिवंत ठेव चौदा तारखेपर्यंत!" म्हणाला. जानेवारीपासून पहिल्यांदा तो माझ्यासमोर हसला.

१४ जुलै, शनिवार

मिस प्रुएट सकाळी नऊला आल्या. ऑरिनच्या पुढच्या खोलीत मुद्रणयंत्राच्या तारा पसरल्या. ऑरिनने निळा सदरा घातला होता. मी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो, सुया घेऊन.

एकामागून एक चाली झाल्या. कानांत सगळं आंबटच होतं, पण सुयांतून बोटांत फिडल थरथरत येत होतं, आणि वाकडी जागा आली की ऑरिन माझ्याकडे बघायचा. एकदाही चुकलो नाही. जेवायच्या वेळेपर्यंत दहा झाल्या.

अकरावी राहिली होती, ‘ओल्या लाकडाचा धूर’. ऑरिनने गज ठेवला आणि तसाच थांबला. सुरुवात केली, चार सुरांवर अडला. पुन्हा केली, दुसऱ्याच चालीत शिरला. फिडल खाली घेतलं. म्हणाला, "होती की काल-परवापर्यंत." काल-परवा कुठली? दीड महिना फिडल पलंगाखाली होतं, आणि नंतरच्या सरावात ही चाल काढायची राहिलीच. या वयात चाल हातातून गेली की गेली. पण तसं तो म्हणाला नाही. "म्हातारा झालो, बाई," एवढंच म्हणाला.

मग माझ्याकडे वळला. "डेंझिल, तू तर हजारदा ऐकलीस. गुणगुण जरा. सुरुवात पकडू दे, पुढचं हात करतील."

मला सगळी आठवत होती. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. गुणगुणलो. ऑरिन डोळे मिटून ऐकत होता, मग कपाळाला आठी पडली. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा गुणगुणलो, हळू, एकेक सूर सुटा करून. त्याने गज लावून बघितला, मान हलवली. ग्लेनाने प्रयत्न केला, तिला नुसत्या खालच्या बासच्या जागा येत होत्या. मी तिसऱ्यांदा गुणगुणलो. रॉस्को बुटांकडे बघायला लागला. मिस प्रुएटचा चेहरा बघितला आणि मला कळलं की तोंडातून जे येतंय ते ती चाल नाही, कुठलीच चाल नाही.

ठोका होता माझ्याकडे. तो सुयांनी वाजवून दाखवला, दोन्ही वाकड्या जागांसकट. मिस प्रुएटनी तो मुद्रित केला. वहीत नाव लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, ‘फक्त ठोका’. ऑरिन माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे रे. दहा कमी आहेत का?"

चारला बाई गेल्या. आता आम्ही घरी आहोत, ग्लेना भांडी विसळतेय. ती चाल जेवणापासून माझ्या डोक्यात फिरतेय, ऑरिन चाळिशीत वाजवायचा तशी, बारीक तारेवरून खाली उतरणारी. थांबत नाही. एकही सूर चुकत नाही.